परांचीचे पैसे

बाबा,

देवबागच्या घरावर मी माळा चढवला. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. तुम्ही असता तर गवंड्याच्या सवयीने चिऱ्याच्या भिंतीवरून हात फिरवून आधी सांधे बघितले असते, म्हणून तेच पहिल्यांदा लिहितो. काम चांगलं झालं आहे.

ठेकेदार आपल्याच भागातला. पडवीत बसून त्याने कागदावर आकडे मांडले. बाहेरच्या गिलाव्यासाठी बांबूची परांची बांधायची, तिचे पैसे त्याने वेगळे लावले होते. मी ओरोसला कचेरीत निविदा तपासतो. आकडा कुठे कापायचा ते मला कळतं. म्हटलं, "एकच माळो आसा. शिडीवर होतला." तो म्हणाला, "माणूस वर चढतलो. तेच्या पायाखाली कायतरी होया. तुमी गवंड्याचे झील, तुमका मी काय सांगू?" मी सांगितलं, कुडाळचा एकजण परांचीशिवाय करायला तयार आहे. असा कुणी नव्हता. ठेकेदाराच्या हातात तेव्हा दुसरं काम नव्हतं, हे मात्र मला ठाऊक होतं. त्याने ती ओळ खोडली. मग मी खाली एक ओळ घालून घेतली, कामगारांची सर्व जबाबदारी ठेकेदाराची.

त्या वेळी तुम्ही मला आठवला नाहीत असं नाही. मी सातवीत आहे. भर दुपारी तुम्ही थापी आणि ओळंबा पिशवीत घालून घरी येता. मुंबईकर मालकाने परांचीला नकार दिलाय. आई चुलीपाशून विचारते, आता महिनाभर शिजवायचं काय? तुम्ही पाय धुता आणि एवढंच म्हणता, "परांची नाय, तर माझो माणूस वर चढूचो नाय." त्या महिन्यात माझी शाळेची सहल बुडाली. कितीतरी दिवस मी तुमच्याशी बोललो नाही.

गिलाव्याच्या तिसऱ्या दिवशी शिडी सरकली. वर चढलेला गवंडी माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. पाठीवर पडला. चार दिवस इस्पितळात होता, मग गेला. तेराव्यानंतर त्याची बायको माझ्या कचेरीत आली. मी टेबलाकडे बघत म्हणालो, "करारानुसार जबाबदारी ठेकेदाराची आहे. आपण त्यांच्याकडे अर्ज करावा." घरात मी अशी कचेरीची भाषा कधी बोलत नाही. ती म्हणाली, "तुमच्याच घरार पडले मा ते? मगे माका खंय धाडतास?" मी पुढची फाईल उघडली. ती एसटी पकडायला निघून गेली.

उरलेला गिलावा परांची बांधून झाला. तिचा आधी खोडलेला आकडा मी घासाघीस न करता दिला.

खोल्यांत आता पाहुणे उतरतात. गावात कुणी विषय काढलाच, तर मी सांगतो, त्याचा पाय घसरला. हा कागद कुठेच पोचायचा नाही, तरी तुम्हांलाही मी तेवढंच लिहायचं ठरवून बसलो होतो.