टेबलाखालची काठी

चिमणे,

डोळे मिटून कल्पना कर, असं म्हणणार होतो. पण मग चिठ्ठी कोण वाचणार? तर उघड्या डोळ्यांनीच कर. बोटीवरचा विसावा दिवस आहे. जेवणघरात सकाळपासून केक मांडलेत. घरी परतल्यावर आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टरांनी बजावलंय, "वजन वाढलं तर मी हात लावणार नाही." पण आजोबा कसले ऐकतात! "नुसती चव बघतो" म्हणत ताट भरतात.

मी डेकवर चार फेऱ्या मारून येतो. तू पोटभर नाश्ता कर. मला मोह नको म्हणून तू तीन दिवस आईस्क्रीम सोडलंस, हे काल वेटरकाकांनी सांगितलं. असं करायचं नाही हं. पथ्य माझं आहे, तुझं नाही. आणि पँटचं बटण धुलाईत तुटलं म्हणालो, ती थाप होती.

आता गोष्टीचा शेवट. काल जेवताना आजोबा तिसऱ्यांदा ताट घेऊन उठले. नात रागावली नाही, रडलीही नाही. तिने टेबलाखाली ठेवलेली त्यांची काठी काढून त्यांच्या हातात दिली, आणि त्यांच्यासोबत डेकवर फिरायला जायला खाली बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली.