बाबांनी बसवलेली पिन

तीर्थरूप आईंस, जावयाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? धाकटीचं बाळ रात्री झोपू देतं का? बाळंतिणीचं करता करता स्वतःची औषधं विसरू नका, असं तुमच्या लेकीने बजावून लिहायला सांगितलंय. इकडे माणसं ठणठणीत आहेत. लेथ बंद आहे. ती का बंद आहे हे सांगायचं तर तुम्ही धाकटीकडे गेल्यापासून आमच्याकडे राहणाऱ्या बाबांविषयी, म्हणजे तुमच्याच यजमानांविषयी बोलावं लागणार, तेव्हा लहान तोंडी मोठा घास म्हणून आधीच माफ करावं.

तुम्ही आमची लेथ पाहिली आहे (तुम्ही तिला ‘लोखंड सोलायचं यंत्र’ म्हणाला होतात, ते बरोबरच आहे). लोखंड गरगर फिरतं आणि त्याच्या कडेने हत्यार धरलेला गाडा आपोआप सरकत जातो. हा गाडा ज्या दांड्यावर चालतो, त्या दांड्यात पितळेची एक बारकी पिन असते. गाडा कुठे अडकला की ती तुटते, गाडा थांबतो आणि आतले महागडे गियर वाचतात. तिचा जन्मच मुळी तुटण्यासाठी. गेल्या आठवड्यात मी फोनवर एका गिऱ्हाइकाची समजूत घालत असताना गाडा पुढे जाऊन धडकला आणि पिन तुटली. म्हणजे तिने तिचं काम चोख केलं. जुने तुकडे काढायचे, नवी पिन ठोकायची आणि चहा प्यायचा, एवढंच माझं काम उरलं होतं. तेवढ्यात बाबा वरच्या घरातून खाली आले.

बाबांची हयात पूल बांधण्यात गेली. मोडण्यासाठीच बनवलेली वस्तू ही त्यांच्या मते शुद्ध फसवणूक. मी कागदावर चित्र काढून समजावलं. ते मान डोलवत राहिले, आणि मान डोलवता डोलवता त्यांनी माझ्या हातातली हातोडी कधी काढून घेतली ते मला कळलंच नाही. ही पिन एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते. बारीक टोकावर ठोकलं की तुकडे निघतात. बाबांनी जाड टोकावर ठोकलं. मी चूक दाखवली, तर म्हणाले, अरे, अजून थोडं ठोकलं की येईल. आलं नाही, जे सैल होतं तेही घट्ट झालं. मग ते पोखरून काढण्यात माझी दुपार गेली आणि एक चांगलं ड्रिल मोडलं.

नवी पिन टेबलावर काढून ठेवून मी हात धुवायला गेलो (माणसाने हातसुद्धा धुवू नयेत की काय). परत आलो तर पिन ठोकून झालेली, वर ग्रीस फासलेलं आणि बाबा खुशीत. मी आभार मानले. वास्तविक पितळेची पिन त्यांच्या खिशात होती, आणि भोकात मोडक्या ड्रिलचा पोलादी दांडा कापून बसवलेला होता. आता ही तुला जन्मात बदलावी लागणार नाही, असं ते का म्हणाले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कारागिराचं लक्ष चुकलं, गाडा पुन्हा धडकला आणि आतून कडकड आवाज आला. उघडून पाहिलं तर गियरचे दात पडून पार बोळकं झालेलं. बाबांनी बॅटरी मारून आधी पिन तपासली आणि अभिमानाने सांगितलं की पिन जागची हललेली नाही.

मग मात्र माझा तोल गेला. कारागिरासमोर आणि गिऱ्हाइकासमोर मी त्यांच्यावर ओरडलो, की बाबा, हा पूल नाही, आणि तुम्ही पुन्हा माझ्या मशीनला हात लावू नका. त्यांनी बॅटरी बंद केली, हात पुसले आणि ते वर निघून गेले. तेव्हापासून खाली उतरलेले नाहीत. काल मला विचारलं, आपली हरकत नसेल तर पंखा लावू का? तुमची लेक माझ्याशी कामापुरतंच बोलते. बाबांनी बांधलेला एकही पूल आजवर पडलेला नाही, हे सांगणं मात्र ती कामातच धरते.

तेव्हा आई, विनंती एवढीच, की पत्र मिळताच बाबांना तिकडे बोलावून घ्यावं. त्यांनाही बदल होईल (पाळण्याच्या कड्या मात्र त्यांच्या नजरेला पडू देऊ नका). धाकटीला आणि बाळाला आशीर्वाद.

आपला नम्र,
जावई

ता. क. वरचं मनावर घेऊ नका. बाबांनी बॅग भरून ठेवली आहे, हे मला आत्ता कळलं. माझ्या बोलण्यामुळे ते घरातून गेले, तर ते मला जन्मभर लागून राहील. माफी मागायला दोनदा वर गेलो, आणि दोन्ही वेळा पंखा नीट चालतोय ना, एवढं विचारून खाली आलो. तिकडे येतो म्हणाले तर जागा नाही म्हणून सांगा. ते फक्त तुमचंच ऐकतात.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज नवे गियर बसवून लेथ सुरू केली, तर आवाज ऐकून बाबा आपणहून खाली आले. थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, अरे, बंद कर ते, काहीतरी सैल आहे. मला इतकं बरं वाटलं, की मी खरंच बंद केलं आणि चहाचं सांगायला वर आलो. आई, त्यांना ठेवून घेणं मला झेपत नाही आणि धाडून देणं जमत नाही. बाळाकडे बघायला दुसरं कुणी मिळालं तर तुम्हीच इकडे या. पत्र इथेच थांबवतो, खालून ठोकल्याचा आवाज येतोय.