गणपतीसमोर राजाचं डोकं

डीमन (हॉलंड), रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी पाऊस. ट्रामने हॉलवर गेलो. कुमुदचं नाटक झालं. मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. माझा चष्मा मोडला. घरी येऊन वरणभात केला.

आदरणीय सुबोधदादांस अरुणचा नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? उत्तरावहिनी जिना चढू नका म्हणतात, तर चढू नका. इकडे मी ठीक आहे. (लोक विचारतात तेव्हा असंच सांगतो, म्हणून सवयीने लिहिलं. आज ठीक नाही. आज मला फार राग आला आहे आणि फोनवर मला राग नीट येत नाही, म्हणून पत्र.)

कुमुदने जानेवारीत, आजारपणातच, मंडळाच्या मुलांसाठी नाटक लिहिलं होतं. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि त्याची पार्लमेंट. पुण्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेला तिचा लाडका धडा. मी म्हटलं होतं, गणपतीत इंग्लंडचा राजा कशाला, शिवाजी महाराज घे. ती म्हणाली, "महाराजांना कोण नाही म्हणेल? मला मुलांना नाही म्हणायला शिकवायचंय." मार्चमध्ये ती गेली. नाटक राहिलं.

आमचे अध्यक्ष म्हणजे तुमचे शाळासोबती नरेंद्र. (आर्नहेमहून इतक्या लांब गाडी चालवत येतो, हे ते दर भेटीत सांगतात.) गेली काही वर्षं त्यांनी मंडळाची वार्षिक सभा बोलावलेली नाही. चार्ल्सने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावली नव्हती, त्या मानाने यांना अजून वाव आहे. निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि तेही अशा ग्रुपवर, जिथे फक्त तेच लिहू शकतात. त्याच ग्रुपवर जूनमध्ये कळलं की राजाचं काम ते स्वतः करणार, कारण मुलांचं मराठी स्वच्छ नाही. (नाटक मुलांचं होतं.) गेल्या आठवड्यात दुसरं फर्मान आलं. राजाचा शिरच्छेद वगळला आहे, बाप्पासमोर अशुभ दिसतं. त्याऐवजी राजा पार्लमेंटला क्षमा करील आणि सर्व जण लेझीम खेळतील.

दादा, ज्याचं स्वतःचं डोकं बापाने उडवलं आणि तरी ज्याची पूजा सगळ्यांच्या आधी होते, त्याला डोक्याचं कसलं आलंय अशुभ? हे मी तिथेच लिहिणार होतो, पण त्या ग्रुपवर लिहिता येत नाही. समितीतल्या मीनलला फोन केला. ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे अरुणदादा, पण या वर्षी जाऊ द्या. कुमुदताईंना लेझीम आवडायचं ना?" कुमुदला लेझीम अजिबात आवडत नसे. ती गेल्यापासून तिला पुष्कळ गोष्टी आवडू लागल्या आहेत, असं लोकांकडून कळतं.

मला आज पडद्याच्या दोरीपाशी प्रॉम्प्टर म्हणून बसवलं होतं, कारण मी शांत माणूस. राजा शिपाई घेऊन पार्लमेंटमध्ये घुसतो आणि पाच सभासद कुठे आहेत म्हणून दरडावतो, तो प्रवेश चांगला झाला. सभापती झालेली मीनलची गुंजन अडखळत, पण ठाम म्हणाली, "मला डोळे नाहीत, जीभ नाही. हे सभागृह सांगेल तेवढंच मी पाहते आणि बोलते." हिवाळाभर कुमुद राजाची वाक्यं वाचायची आणि हे वाक्य मला म्हणायला लावायची. ते ऐकून माझं काहीतरी बिघडलं असावं. कारण शेवटी नरेंद्र हात पसरून "प्रजाजनहो, मी तुम्हाला क्षमा करतो" म्हणाले, लेझीमवाले सरसावले, आणि मी हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात प्रॉम्प्टिंग केलं, "राजाही कायद्याखालीच असतो. हे सभागृह त्याला दोषी ठरवतं."

गुंजनने माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

"गुंजन, ते कापलंय," नरेंद्र कुजबुजले. (माइक चालू होता.)

"पण काका, आम्हाला कोणी विचारलं?"

त्यांनी सभा बरखास्त केली आणि पडदा पाडायला सांगितलं. मुलं उठेनात, होती तिथेच मांडी घालून बसली. मी दोरी धरून ठेवली. त्यांनी येऊन दुसऱ्या बाजूने ओढली, माझा चष्मा पडला, त्यावर राजाचा पाय पडला, आणि मग दांडीसकट पडदाच राजावर आला. पुठ्ठ्याचा मुकुट तेवढा बाहेर निसटला आणि गडगडत गणपतीच्या पाटापाशी जाऊन थांबला. लिहिलं होतं त्याहून बरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजीनामा पडद्याच्या आतूनच आला.

मी चष्म्याच्या काचा वेचत होतो, तोवर समिती मला अध्यक्ष करायला निघाली. मीनल म्हणाली, "कुमुदताईंचे मिस्टर म्हणून सगळे ऐकतील." याचाच मला सर्वांत जास्त राग आला. इंग्रजांनी या हॉलंडमधून विल्यमला बोलावून राजा केलं, तेही त्याची बायको मेरी तिकडची राजकन्या म्हणून. काही वर्षांनी मेरी वारली आणि तो अबोल माणूस, तिच्यावर जीव असलेल्या लोकांवर एकटाच राज्य करत बसला. कुमुदचं नाटक त्याच्या बरंच आधी संपतं.

आपला,
अरुण

ता. क. चार्ल्सचं डोकं उडवल्यावर अकरा वर्षांनी इंग्रजांनी त्याच्याच मुलाला बोलावून गादीवर बसवलं. हे शिकवताना कुमुद वर्गात हसायची म्हणे. शनिवारी विसर्जन आहे. हॉल, जेवण, परवानग्या, सगळं नरेंद्रना माहीत आहे आणि मला फक्त नाटकाची वाक्यं. तरी तुम्ही त्यांना फोन करून परत यायला सांगा. मी सांगितलं असं म्हणू नका. अट एकच, पुढच्या वर्षी तिचं नाटक पूर्ण व्हायचं, कोणी काही कापायचं नाही.

ता. क. २. आत्ता नरेंद्रचाच फोन येऊन गेला, चष्म्याची चौकशी करायला. म्हणाले, "अरुणराव, राजाचं काम मला कुमुदनेच दिलं होतं. म्हणाली, तुझ्याइतका हट्टी दुसरा मिळणार नाही." मी विचारलं, मग शेवट का कापलात? म्हणाले, "तिच्या नाटकात या वर्षी कुणी मरावं, असं वाटेना." हे ग्रुपवर का लिहिलं नाही, असं मी म्हणालो आणि फोन ठेवला. आता मला तिचाही राग आला आहे. तिने मला हे सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोय नाही. तुम्ही फोन मात्र कराच.

भात गार झाला. चष्म्याला चिकटपट्टी लावली, वरण पुन्हा गॅसवर ठेवलं आणि एक ताट घेतलं.