आवाजभत्ता

३ जानेवारी
रिपोर्ट आला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं की मी ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. लहरी नाही, माणूसघाणा तर नाहीच. घडणच अशी. डॉक्टर सांगताना माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या पंख्याकडे. तो कुरकुरत होता. बायको म्हणाली, इतकी वर्षं बघतेय, फक्त इंग्रजी नाव माहीत नव्हतं. दर आठवड्याला थेरपी घ्यायची. फी ऐकून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. माझं लगेच परत आलं, कारण माझ्याकडे प्लॅन आहे.

५ जानेवारी
प्लॅन असा. बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासणीच्या खोलीत बसतो. एकटा. पांढऱ्या दिव्यापुढून बाटल्या सरकतात, तडा दिसला की बाजूला काढायची. शांत काम, त्यामुळे भत्ता नाही. धुलाईच्या हॉलमध्ये मात्र एवढा खडखडाट, की कंपनी पगारावर आवाजभत्ता देते. थेरपीची फी त्यातून सुटते. फोरमनकडे बदली मागितली. तो म्हणाला, काका, कँटीनमध्ये कुणी ताट आपटलं तरी तुम्ही कान झाकता. म्हटलं, अरे, त्याच्याच इलाजासाठी पैसे हवेत. त्याने डोकं खाजवलं आणि सही केली.

बायको म्हणाली, म्हणजे पाय दुखतो म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि फीसाठी त्याच पायावर हमाली करायची. उदाहरण चुकीचं आहे. पायाचा इथे काही संबंध नाही.

९ जानेवारी
हॉलमधला पहिला दिवस. विशेष काही नाही. दुपारी ओकारी झाली, पण ती डब्यामुळे.

१७ जानेवारी
पहिली थेरपी. बाई चांगल्या. खोलीत जाड गालिचा, घड्याळ मुकं. सगळ्यात जास्त त्रास कशाचा, त्यांनी विचारलं. आवाजाचा, म्हटलं. कुठल्या? हॉलचं काढलंच नाही. एवढी फी भरून कारखान्याच्या गप्पा कशाला मारायच्या? घरातल्या कुकरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कामावरून आल्यावर घरात थोडी शांतता ठेवून बघा. लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी
शांतता मोहीम जोरात. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. कुकर माळ्यावर टाकला. मिक्सर बंद. बायको काम करताना गुणगुणते, तेही बंद करायला सांगितलं. हूं नाही की चूं नाही, लगेच ऐकलं. थेरपी लागू पडतेय.

११ फेब्रुवारी
अक्षर बिघडलंय. थंडीने असेल. बायकोने दार आपटलं म्हणून तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, दार सकाळपासून बंदच आहे.

२० फेब्रुवारी
आज हॉलमध्ये जरा उभा राहिलो. म्हणजे नुसताच. पट्ट्यावर बाटल्या साचत गेल्या, पडून फुटल्या, माणसं हाका मारत होती म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही. केवढी ही प्रगती!

फोरमनला ही प्रगती दिसली नाही. त्याने बायकोला बोलावून घेतलं आणि बजावलं, काकू, आज काचच फुटली, पण पुन्हा असं झालं तर मी काकांना ठेवू शकणार नाही. तिने तिथल्या तिथे माझी जुनी खोली परत मागितली. मीच मध्ये पडून नको म्हटलं. थेरपी ऐन रंगात आलेली, आता भत्ता सोडायचा म्हणजे केलेलं सगळं वाया.

२४ फेब्रुवारी
बायको बहिणीकडे राहायला गेली. निघताना म्हणाली, "तुम्ही पूर्वीही गप्प असायचा. पण त्यात मला शेजारी बसता यायचं." अर्थ बाईंना विचारायला हवा.

चार दिवसांसाठीच गेली असणार. शिवणयंत्र मात्र बरोबर नेलं.

घरात आता आदर्श शांतता. तरी खडखड येते. नळ पाहिले. पंखे पाहिले. मेन स्विच बंद केला. अंधारात बसलो. येतेच.

७ मार्च
बायकोच्या बोलण्याचा अर्थ बाईंना विचारला. मग ती कुठे गेली, का गेली, असं करत करत हॉलचं सगळं निघालं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, आधी ती खोली परत मागा. फीचं एकदा बोलायचंत तरी. ज्यांना झेपत नाही त्यांच्याकडून मी कमी घेते."

हे बोलायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तडक कारखाना गाठला. फोरमन मला खोलीपाशी घेऊन गेला. दिव्यापुढे आता कॅमेरा बसवलाय. तडा दिसला की यंत्रच बाटली ढकलतं. माझी खुर्ची काढून टाकलीय. खुर्ची रिकामी दिसली तेव्हाच साहेबांना हे सुचलं, असं तो खाली बघत म्हणाला. म्हणजे आता एक तर हॉल, नाही तर घर.

संध्याकाळी बायकोला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिनेच आधी विचारलं, "जेवलात का?"

जेवलो, म्हटलं. झोप? लागते.

"आणि खोलीचं?"

"मिळाली."

ती म्हणाली, बरं झालं, येते रविवारी.

आमच्यासारख्यांना खोटं बोलणं जड जातं, असं बाई म्हणतात. तसं काही जड गेलं नाही.