देवाच्या दाराची फळी

बाबा, आज मी उभी राहिले. समुद्रात, लाटेवर, एका फळीवर, स्वतःच्या दोन पायांवर! चौपन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, अंगात लेकीचा जुना टी-शर्ट, आणि मी उभी. हे सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, पण तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. वडिलांना पत्रात 'तुम्ही' लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. तसं लिहून बघितलं, तर कुणा साहेबाला अर्ज करतेय असं वाटायला लागलं. आपल्याकडे बापाला 'तू'च म्हणतात, तर तूच.

लग्न होऊन मुळगावात आले आणि समुद्र सुटलाच. इकडे शेतं, खाणीची लाल धूळ आणि डिचोलीतली माझी कचेरी. दिवाळीनंतर एका रविवारी मैत्रिणींबरोबर आश्वेच्या किनाऱ्यावर गेले होते. तिथे एक मुलगी लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवत होती, सर्फिंग म्हणतात त्याला. तिथल्याच रांपणकाराची, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्याची लेक, वय पंचविशीचं, आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्यावर ऐकू जावा. मी नुसती बघत उभी होते, तर मला म्हणाली, "आंटी, बघतंस काय? ये गो पाण्यात!" आणि मी खरंच गेले. तेव्हापासून दर रविवारी जाते. घरी नवरा म्हणतो, डोकं फिरलंय. फिरू दे.

पण बाबा, इतके रविवार मी पोटावरच पडून होते. लाट मागून यायची, फळी सुसाट निघायची, ती पोरगी ओरडायची, "उठ गो आंटी, पाय ठेव फळयेर!" आणि माझे पाय काही उठायचे नाहीत. तिला वाटायचं गुडघा दुखतो. मी तसंच वाटू दिलं. खरं कारण तुला ठाऊक आहे.

मी अकरा वर्षांची. किनाऱ्यालगतच्या एका देवळाच्या नव्या दाराचं काम तुझ्याकडे आलेलं, आणि माडांच्या सावलीत झावळ्यांचा माटव घालून तू तिथेच काम करतोयस. दारासाठी निवडलेल्या फणसाच्या झाडाला हात लावायच्या आधी तू बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतंस: "बा म्हाराजा, तुझ्या आंगाक आज कुऱ्हाड लायतंय. रागाव नको. तुझा सोना करून देवाच्या दारात उभा करतंय." तुझ्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून "व्हय म्हाराजा" म्हणायचं काम माझं. मी इतक्या जोरात म्हटलं होतं की तू गाऱ्हाण्याच्या मध्येच हसलास. पुढे त्याच झाडाच्या फळ्या निघाल्या, पिवळ्याधमक. एक माझ्या उंचीची होती, तू दोन्ही बाजूंनी रंधा मारून गुळगुळीत केलेली. दुपारी तू जेवून आडवा झालास आणि मी ती फळी ओढत पाण्यात नेली.

तू उठून आलास तेव्हा मी चिंब भिजून माटवात उभी होते आणि फळी पण चिंब. तू हात उगारला नाहीस. एवढंच विचारलंस, "देवाच्या दाराची फळी ती. पाय लायलंस काय गो तिका?" मी म्हटलं, "नाय बाबा, पोटार निजलंय. पाय लावक नाय." तू फळीवरून हात फिरवलास. मग म्हणालास, "परत समुद्रात दिसलंस तर माझ्यासारखो वायट कोण नाय." मी परत दिसले नाही.

आता गंमत ऐक. गेल्या रविवारी पाण्यातून बाहेर येऊन आम्ही पाव आणि चहा घेऊन वाळूत बसलो होतो. ती पोरगी सांगायला लागली, हा खेळ लांबच्या हवाई बेटांवरचा, फार जुना. त्यांच्या भाषेत त्याला नावच आहे, लाटेवरून घसरणं. सरदारांच्या फळ्या लांबलचक, बाकीच्यांच्या आखूड आणि पातळ. बाया, राण्यासुद्धा लाटांवर जायच्या. लाटा चांगल्या लागल्या की हातातलं काम टाकून सगळे पाण्यात! मग तिथे पाद्री येऊन पोचले, त्यांना हे उघड्या अंगाचं खेळणं पटेना, आणि खेळ जवळजवळ बंद पडला. पुढे तिथल्याच लोकांनी तो परत उभा केला. "आणि आंटी, फळीसाठी झाड तोडायच्या आधी ते काय करायचे माहीत आहे? बुंध्याशी एक लाल मासा ठेवायचे, आणि झाड पाडल्यावर मुळाच्या खड्ड्यात तो पुरून प्रार्थना करायचे." माझ्या तोंडून, हातातला पाव तसाच, मोठ्याने निघालं, "व्हय म्हाराजा!" शेजारचे सगळे वळून बघायला लागले. बाबा, तू तिथे हवा होतास! कुठले ते लोक, त्यांनी कधी आपला गाव बघितला नाही, आणि गाऱ्हाणं तेच. नारळाच्या जागी तांबोशीसारखा मासा, एवढाच फरक. फळीला खोबरेल चोळून, कापडात गुंडाळून घरात जपायचे म्हणे. तू रंध्याला चोळायचास तसं. आणि अशा, गाऱ्हाणं घालून केलेल्या फळीवर ते काय करायचे? उभे राहायचे, पाय ठेवून, ताठ.

आज माझी फळी साधी, फोमची, निळी. तरी पाण्यात शिरण्याआधी मी तिला हात लावून कपाळाला लावला. पोरगी हसली. तिसरी लाट आली, मी पुटपुटले, "बा म्हाराजा, पाय लायतंय," आणि पाय ठेवले. किनारा माझ्याकडे धावत आला, पोरगी किंचाळत होती, मी त्याहून जोरात. वाळूला लागेपर्यंत उभी होते बाबा, उभी! नंतर पाण्यात बसून हसत होते आणि रडतही होते.

पोरगी म्हणाली, "पहिल्यांदा उभी राहिलीस गो आंटी!" मी मान डोलावली. खोटंच डोलावली. त्या दुपारी मी फळीवर उभी राहिले होते, एका लाटेपुरती. तिला खोटं सांगितलं आणि तुलाही. ती फळी देवळाच्या दारात बसली, माणसं त्या उंबऱ्याशी डोकं टेकवतात, आणि मी त्या दारातून कधी आत गेले नाही. बाहेरूनच हात जोडले.

हे पत्र माहेरी, चोपडे गावातल्या घरी पाठवलं तर भाऊ ओसरीवर मोठ्याने वाचेल, म्हणून तुझ्या रंध्याखाली ठेवतेय. रंधा आता माझ्याकडे असतो. मघाशी तो हातात घेतला तेव्हा आठवलं. दुसऱ्या दिवशी तू ती फळी परत रंधलीस, सकाळभर. मला वाटलं, खाऱ्या पाण्यासाठी. पण खारं पाणी दोन्ही बाजूंना लागलं होतं बाबा, आणि तू रंधा एकाच बाजूला मारलास, मी उभी होते त्या.