हजार सीसीच्या किंचित वर

मी, श्रीमती विजयालक्ष्मी जयंत रणदिवे, वय अडुसष्ट, केंद्र सरकारच्या सेवेतून उपसचिव म्हणून निवृत्त, राहणार वसुंधरा एन्क्लेव्ह, दिल्ली, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. तसा दाखला डॉ. सुनंदा बेंद्रे यांनी तपासून दिला आहे. त्यांनी फार लवकर तपासले असे वाटल्याने मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आले. दाखला तोच मिळाला. माझ्यावर कुणाचा दाब नाही, आणि कुणी आणलाच असता तर तो माझ्या आधीच लक्षात आला असता.

मी संशयी आहे असे घरात सगळे म्हणतात. ऑफिसात याच गुणाला दक्षता म्हणत आणि त्यावर बढती मिळे.

कलम १. सन २०१३ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझे धाकटे दीर श्रीरंग रणदिवे आणि त्यांच्या घरच्यांना काहीही देऊ नये, माझ्या दिवसांनाही बोलावू नये, असे मी लिहिले होते. ते का लिहिले आणि का खोडले, हे कलम ४ मध्ये येईल.

कलम २. राहता फ्लॅट माझा एकुलता मुलगा विलास याला मिळावा. तो गुरुग्रामला विसाव्या मजल्यावर राहतो आणि इथे राहायला येणार नाही, हे मला माहीत आहे. विकायचा असल्यास शेजाऱ्यांना आधी विचारावे. गेल्या दिवाळीत दोन अनोळखी माणसे येऊन बाल्कनी बघून गेली, तेव्हा हे दलालच असावेत असा मला दाट संशय आला. विलास म्हणाला, "आई, यार, एसीवाले आहेत ते." मी त्यांचा नंबर घेऊन फोन केला. एसीवालेच होते.

कलम ३. बँकेतल्या ठेवी विलासच्याच. दागिने सून वृंदाला. मोत्यांची नथ तिला आवडत नाही हे ती बोलत नाही, पण मला दिसते. तिने ती मोडून हवे ते करावे.

कलम ४. माझी पांढरी झेन गाडी. हे कलम लांबेल, कारण बाकी सगळ्यावर भांडण होणार नाही, आणि हिच्यावर झालेले आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन ठेवून वळणावळणाची वाट आखायची, त्यावरून एकेकाने गाडी पळवायची आणि घड्याळ लावायचे. कोन पाडला की वेळेत भर पडते. मी हे पंचेचाळिशीनंतर सुरू केले. माझे पती कै. जयंत यांनी मला रिज मोटर क्लबच्या स्पर्धेला फक्त बघायला नेले होते. पुढच्या वेळी मी नाव घातले. क्लबने मला महिला वर्गात टाकले. तिथे मी चार हिवाळे जिंकले, आणि मग मला त्याचाच संशय येऊ लागला. बाकीच्या सगळ्या वर्गांत गाडी बघत. इंजिन हजार सीसीपर्यंतचे, चौदाशेपर्यंतचे, की त्यावरचे. कंपनीने दिली तशी, की बदल केलेली. आमच्या वर्गात मात्र फक्त बाई बघत.

माझ्या गाडीची मागची सीट काढलेली होती, स्प्रिंगा बुटक्या केलेल्या, सायलेन्सर बदललेला. इंजिन ९९३ सीसीचे. म्हणजे तिचा वर्ग सरळ होता: हजारपर्यंत, बदल केलेल्या. तिथे दरवर्षी कर्नल भाऊसाहेब निंबाळकर पहिले येत. डिसेंबर २००४ मध्ये मी त्या वर्गात नाव घातले. कर्नलनी महिलांच्या तंबूकडे बोट दाखवले.

"मॅडम, तुमचा वर्ग तिकडे."

"कर्नलसाहेब, वर्ग गाडीचा असतो," मी म्हटले. "माझी गाडी साडी नेसत नाही."

त्याच्या आधी महिनाभर मी पुण्यात होते. आईचे शेवटचे दिवस होते. त्या काळात जयंत गाडी घेऊन जयपूर रस्त्याला गेले, पाण्याचा पाइप फाटला आणि इंजिन तापून बसले. ते त्यांनी श्रीरंगभावजींच्या फरिदाबादच्या गॅरेजात दुरुस्त करून घेतले. गाडी पोहोचवायला विलास गेला होता. मी परतले तेव्हा गाडी जास्तच जोरात ओढत होती. मी विचारलेही.

"इतकी कशी ओढते?"

"रिंगा नव्या आहेत," जयंत म्हणाले. "आणि तू महिनाभर बसली नव्हतीस."

मी तेवढ्यावर सोडले. आईला जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. एरवी सोडले नसते.

स्पर्धेत मी पहिली आले. कर्नल दुसरे. जयंतनी थर्मासमधला चहा अजून ओतलाही नव्हता, तोच कर्नलनी तक्रार नोंदवली की माझे इंजिन वर्गात बसत नाही. क्लबच्या तपासनिसांनी सगळ्यांसमोर बॉनेट उघडले, इंजिनाचे हेड काढले आणि सिलेंडरचे माप घेतले. पाव मिलिमीटर जास्त. सिलेंडर घासून रुंद केला होता आणि आत मोठे पिस्टन बसवले होते. चार सिलेंडरांचा हिशेब केल्यावर इंजिन हजारच्या वर गेले. किती वर, तर औषधाचे सात-आठ थेंब मावतील इतके.

"मग मला चौदाशेच्या वर्गात धरा," मी म्हणाले. "वेळ तीच ठेवा."

"वर्ग सुरुवातीआधी ठरतो, मॅडम. नंतर नाही," तपासनीस म्हणाले.

माझे नाव फळ्यावरून पुसले. कर्नल मित्रांच्या घोळक्यात उभे होते. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "अंदर की खबर थी, भई."

ते वाक्य माझ्या घरात येऊन राहिले. आतली खबर म्हणजे आतला माणूस. त्या इंजिनात काय केले हे तिघांना माहीत असू शकत होते: माझा नवरा, माझा दीर आणि माझा मुलगा.

परतताना जयंत म्हणाले, "विजू, बोअर केल्यावर माप वाढतं हे मला कळत होतं. हजार ओलांडेल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि तुमच्या भावाच्या?"

त्यांनी खिडकीची काच वर केली. मी तेच उत्तर म्हणून धरले. संध्याकाळी भावजींचा फोन आला.

"वहिनी, सिलेंडरवर ओरखडे होते. बोअर केल्याशिवाय इलाजच नव्हता. मी दादाला म्हटलं होतं, वहिनींना सांग, माप वाढलंय."

"आणि कर्नलना कुणी सांगितलं?"

"कोण कर्नल?"

"अच्छा. आता कोण कर्नल!" मी फोन ठेवला.

पुढच्या वर्षी कर्नलची गाडी श्रीरंगभावजींच्या गॅरेजात उभी असल्याचे विलासने सहज बोलता बोलता सांगितले. माझ्या लेखी चौकशी पूर्ण झाली. दिराने गिऱ्हाईक मिळवण्यासाठी मला विकले, आणि बायकोने महिला वर्गातच राहावे म्हणून नवऱ्याने त्याला साथ दिली, असा निष्कर्ष मी काढला. फरिदाबादला जाणे बंद केले. गणपतीत ते आले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. जयंतशी बोलणे चालू होते, पण ते भाजी, वीजबिल, विलासचे लग्न एवढ्यापुरते. गाडीवर कव्हर घातले.

सन २०१२ मध्ये जयंत गेले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी मला विचारले, "विजू, तुला मला काही विचारायचंय का?"

मी म्हणाले, "डॉक्टर सकाळी काय म्हणाले, एवढंच."

त्यांनी तेवढेच सांगितले.

आता पुढचे. गेल्या वर्षी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात एका परिचिताच्या पंचाहत्तरीचे जेवण होते. कर्नल निंबाळकर माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. चमच्यातली आमटी सांडत होती. मी चौदा वर्षे शिळा झालेला प्रश्न त्यांना विचारला.

"कर्नलसाहेब, त्या दिवशी तुम्हाला खबर कुणी दिली?"

"कसली खबर?"

"माझ्या इंजिनाची. आतली खबर म्हणाला होतात."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग ते खाली बघत म्हणाले, "कुणी नाही हो वहिनी. बाईमाणूस जिंकलं, मी जळलो. तक्रारीत काहीतरी लिहावं लागतं, म्हणून इंजिन लिहिलं. माप जास्त निघालं तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का मलाच बसला. मग मित्रांसमोर म्हटलं, खबर होती."

"आणि श्रीरंगच्या गॅरेजात गाडी का नेलीत?"

"ज्यानं ते इंजिन केलं त्याच्याकडे नाही नेणार? काय पळत होती तुमची गाडी!"

मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. क्लबच्या दोन जुन्या माणसांकडे चौकशी केली. दोघेही म्हणाले की कर्नल त्या दिवसानंतर बरेच महिने स्वतःच्या अंधारात मारलेल्या अचूक नेमाची गोष्ट हसून सांगत होते. ती सगळ्या क्लबला माहीत होती. मी क्लबात जाणे बंद केले होते, म्हणून मला नव्हती.

दुसऱ्या रविवारी मी फरिदाबादला गेले. श्रीरंगभावजींनी दार उघडले. केस सगळे पांढरे झालेले. मी जे कळले ते उंबऱ्यावरच सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"वहिनी, दादाला तुम्ही कधी सरळ विचारलंत का? की तुम्ही कर्नलना सांगितलंत का म्हणून?"

"नाही."

"त्याला कळत होतं तुमच्या मनात काय आहे. मी म्हणायचो, तूच बोल. तो म्हणायचा, मी आपणहून नाकारलं तर तिला वाटेल, भावानं पढवलंय. ती विचारेल तेव्हा सांगेन."

मी आत जाऊन बसले. त्यांची मुलगी अलका हिने पाणी आणले. ती शाळकरी असताना मी तिला शेवटचे पाहिले होते. आता ती नोकरी करते आणि शनिवार-रविवारी बापाच्या गॅरेजात हात काळे करते.

या जानेवारीत भावजींनी माझ्या गाडीचे कव्हर काढले. म्हणाले, "मूळ मापाचे स्लीव्ह बसवू? परत हजारच्या आत येईल." मी नको म्हटले. गाडी आहे तशी आहे. तिचा वर्ग चौदाशेचा. अलकाने तिथे नाव घातले, इंजिनाचे खरे माप अर्जावर आधीच लिहून दिले. तपासनिसाने माप वाचून वर बघितले आणि विचारले, "ही तीच गाडी?" मी म्हणाले, "तीच." अलका शेवटून दुसरी आली. चौदाशेच्या गाड्या सरळ वाटेवर तिच्याहून सहज जास्त वेगाने जात होत्या, पण वळणांवर ती कुणाला ऐकत नव्हती. आम्ही तिघांनी मैदानाच्या कडेला उभे राहून छोले-भटुरे खाल्ले. भावजी वळणांबद्दल बोलत राहिले. मी जयंतबद्दल विचारत राहिले, लहानपणापासूनचे.

तेव्हा, सदर गाडी, तिचे टायर आणि सुटे भाग यांसह, माझी पुतणी अलका श्रीरंग रणदिवे हिला मिळावी. रस्त्यावर चालवण्याची गाडीची मुदत संपली आहे, म्हणून मैदानावर ट्रकवर चढवून न्यावी. तिला भंगारात देऊ नये. वर्ग चौदाशेचाच लावावा.

कलम ५. जयंत यांची पान्या-हत्यारांची पेटी श्रीरंगभावजींना. ही मी अडवून ठेवली होती. त्यांनी एकदाही मागितली नाही.

कलम ६. महिला वर्गात मिळालेले माझे चारही चषक कर्नल भाऊसाहेब निंबाळकर यांना द्यावेत. त्यांनी ते घरात पाहुण्यांना दिसतील असे मांडावेत. कुणी विचारले की हे कोणत्या वर्गातले, तर खरे सांगावे. मी त्यांना माफ केले आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी विलासने करावी. माझ्या दिवसांना फरिदाबादच्या मंडळींना पहिला फोन जावा.

कलम ८. अलकाला गाडी देण्याआधी एक गोष्ट मनात आली ती लिहिते, म्हणजे उद्या कुणी हे दान फसवून घेतले असे म्हणू नये. ती या वर्षात जवळजवळ प्रत्येक रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हातारीकडे कुणी इतक्या वेळा कशाला येईल, असे मला वाटले. पूर्वी मी चहाबरोबर ते गिळले असते आणि वर्षानुवर्षे बाळगले असते. परवा ती बूट घालत असताना मी विचारले.

"अलका, तू इथे गाडीसाठी येतेस का?"

ती लेस बांधत होती. वर न बघता म्हणाली, "सुरुवातीला हो, काकू. आता तुम्ही बाबांच्या आणि जयंतकाकांच्या गोष्टी विचारता ना, मलाही ऐकायच्या असतात. पण गाडी पण हवीय."

हे उत्तर मी कुणाकडूनही तपासून घेतलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो समजला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी त्याखाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर, एकमेकांच्या उपस्थितीत सह्या केल्या. यांपैकी कुणालाही या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, याची मी खात्री केली आहे.

(सही) विजयालक्ष्मी जयंत रणदिवे

साक्षीदार
१. (सही) सरला दीनानाथ कोतवाल, शेजारी, वसुंधरा एन्क्लेव्ह, दिल्ली
२. (सही) भालचंद्र विष्णू खोत, निवृत्त कक्ष अधिकारी, मयूर विहार, दिल्ली

स्थळ: दिल्ली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१९