शनवार-ऐतवारची रिकामी घरं

सोमवार, २५ एप्रिल २०१६. लातूर

आले बाई एकदाची. उदगीरच्या एस्टीत खिडकीची जागा मिळाली, म्हंजी दिवस चांगला. शेजारच्या बाईनं इचारलं, कुठं निघालात? मी म्हणलं, डॉलरच्या नोकरीला. तिनं माझं लुगडं बघितलं, मोकळं कपाळ बघितलं, आन् आपली पिशवी उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. मला लई हासू आलं. पर खोटं कुठं हाय?

भीमाशंकर अप्पाची इथं दाळ मिल हाय, बंद पडलेली. दुष्काळात तूरच न्हाई तर दाळ कशाची करणार. आता अप्पा कॉम्पुटरवर डॉलर-रुपयाचा सौदा करतेत. माझ्यापरीस दहा वर्षानं ल्हान हायत, पर मालक हायत म्हणून अप्पा. त्येंच्या क्लासच्या सरानं सांगितलंय, रोजचा भाव हातानं वहीत काढायचा, तवा नजर बसती. अप्पाचा हात असा, जशी कोंबडी शाईत बुडवून सोडली. उदगीरच्या मठात माझी ठिपक्याची रांगोळी बघून त्येंनी इचारलं, ही बाई कोण?

त्येंना बाई पाहिजे होती लिहितावाचता येणारी, हात चांगला असणारी आन् गप बसणारी. म्या सांगितलं, तीनातल्या दोन गोष्टी हायत.

मिलच्या वरती खोली दिलीय. मला खोलीच पाहिजे होती. माझी एकुलती लेक नागम्मा, आमची नागू, देगलूरला सासरी हाय, आठवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतंय. गावाकडं हंडाभर पाणी मिळंना, बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालू? इथं टँकर तरी येतोय, दवाखाना जवळ हाय. तेरा तारखेला तिला आणायचं ठरलंय. एस्टीत दोघं भांडत होते, उदगीर जिल्हा व्हणार का न्हाई म्हणून. मी म्हणलं, होऊ द्या की बाबांनो, नळाला न्हाई तर कलेक्टराच्या तोंडाला तरी पाणी सुटंल.

अप्पाच्या आई गुरम्मा, त्येंना सगळे अव्वा म्हणतेत. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तसं अव्वा म्हणल्या, नवरा नसलेल्या बाईनं इतकं दात दाखवू नये. मी म्हणलं, अव्वा, तुमचे पडले म्हणून जळता व्हय? तांब्या फेकून मारणार होत्या, पर त्यात पाणी होतं म्हणून वाचले.

बुधवार, २७ एप्रिल

हात बसावा म्हणून ही डायरी अप्पानंच दिली, बियाण्याच्या दुकानाची हाय. रोज काहीबाही लिहा म्हणले.

काम समजलं. भावाचं चित्र काढायचं, त्येला मेणबत्ती म्हणतेत. एका दिवसाला एक मेणबत्ती. सकाळी भाव कुठं उघडला आन् सांजच्याला कुठं मिटला, त्या दोन्हीमधी जाड अंग. दिवसभरात वर कुठवर गेला, खाली कुठवर पडला, त्येचा बारीक दोरा. वर मिटला तर हिरवी, खाली मिटला तर लाल. मेणबत्तीच्या खाली तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, काय वाटलं, काय झालं. खाडाखोड चालत न्हाई.

चार-सा मेणबत्त्या झाल्या की त्येंचा आकार दिसतोय. आकाराला नावं हायत. डोकं आन् खांदे. लटकलेला माणूस. टाकलेलं लेकरू. मी इचारलं, अप्पा, हे डॉलरचं हाय का आमच्या भावकीचं? हासले न्हाईत. त्येंना एकदा हासवायचंच, असं मी मनावर घेतलंय.

अव्वाच्या रागाचीबी मेणबत्ती काढून बघितली. सकाळी उघडली कढत, दुपारी कढईभाईर, सांजच्याला पूजा झाली की कोमट. लाल तर लाल, पर झ्याक दिसती.

शुक्रवार, २९ एप्रिल

अप्पानं रजिस्टर छापून घेतलंय. छापणाऱ्याला दुधाच्या रतिबाची रजिस्टरं छापायची सवय, त्यानं आठवड्याला सात घरं छापली. बाजार तर पाचच दिवस. शनवार-ऐतवारची घरं मोकळी.

मला ते बघवंना. रांगोळीचा एक ठिपका जरी उघडा ऱ्हायला तरी आमची आई परत उंबऱ्यात बसवायची. म्हणायची, उघड्या ठिपक्यातून कोणबी आत येतंय. सांजच्याला अप्पा भाईर गेले तसं म्या दोन्ही घरं भरून टाकली. मनानंच. शनवारची ल्हानशी लाल, ऐतवारची चांगली ठसठशीत हिरवी. सोमवारी अप्पाचं तोंड बघण्यासारखं व्हईल.

सोमवार, २ मे

अप्पाचं तोंड बघितलं. पर गंमत वाटली न्हाई.

सकाळी कॉम्पुटरवर भाव उघडला आन् अप्पा रजिस्टर घिऊन तिथंच बसले. माझी ऐतवारची मेणबत्ती जिथं मिटली होती, भाव तिथंच उघडला. केसभर फरक न्हाई. मी म्हणलं, अप्पा, चुकलं, चेष्टा केली. ते म्हणले, कोणाला सांगू नका.

दुसरं एक. शनवारी-ऐतवारी म्या काय केलं ते आठवंना. शुक्रवारी सांजच्याला पेन ठिवलं, आन् सोमवारी सकाळी चहाचा कप हातात. मधलं न्हाई. ऊन लागलं असंल. अव्वाला इचारलं तर म्हणल्या, कशी शान्यासारखी बसली होतीस कोपऱ्यात दोन दिवस. तोंडातून शबुद न्हाई. रोज तशीच ऱ्हात जा.

शुक्रवार, ६ मे

अप्पा चार दिवस माझ्याकडं बघून राहिले, इचारू का नको असं. शेवटी मीच म्हणलं, काय हो अप्पा, बघायला आलात का मला? लाजले बिचारे. मंग म्हणले, ह्या आठवड्यातबी ती दोन घरं भरा.

भरली. दोन्ही लाल.

सोमवार, ९ मे

भाव माझ्या रेघेवरच उघडला.

शनवार-ऐतवार न्हाईत. ह्या डायरीतबी न्हाईत. पानं कोरी.

शुक्रवारी खोलीतली घागर काठोकाठ भरून ठिवली होती. आज तशीच काठोकाठ. भाईर पत्रा तापून फुटायला झालाय, आन् दोन दिवस म्या घोटभर पाणी पिले न्हाई? तोंडाला कोरडसुद्धा न्हाई. आज बसवजयंतीची मिरवणूक घरावरून गेली. हलग्यांचा आवाज कानात आला, पर अंगात शिरला न्हाई.

नागूचा फोन आला. म्हणली, आई, काल किती गोड बोललीस गं. एकदाबी चिडवलं न्हाईस. मला वाटलं दुसरंच कोणी हाय.

मी हासले. नागूबी हासली. फोन ठिवल्यावर कळलं, काल म्या फोन केलाच न्हाई.

मंगळवार, १० मे

अप्पानं उद्याचं आन् परवाचं घर भरायला सांगितलं. मी न्हाई म्हणलं. म्हणलं, माझे दिवस जाऊन राहिले अप्पा, ती घरं भरली की मी नसते. त्येंनी हात जोडले. म्हणले, शिवकांताबाई, तुम्ही तर इथंच असता, आम्ही बघतो ना. मंग नागूसाठी खाट सांगितलीय म्हणले, दवाखान्यात डॉक्टरीणबाईशी बोललोय म्हणले. वाकडं एक न्हाई बोलले. तेच तर.

दोनच दिवस हायत. नागू शुक्रवारी येणार. शुक्रवार मोकळा हाय.

भरली.

शुक्रवार, १३ मे

नागू आली! जावयानं देगलूरहून जीप करून आणली. पोट बघून मी म्हणलं, अगं, जिल्हा व्हणार व्हणार म्हणत्यात तो हाच का? पोट धरून हासली पोरगी. अव्वासुद्धा पदराआड हासल्या, म्या बघितलं.

दोघींनी एका ताटात खाल्लं. तिच्या पायाला तेल लावलं. पाय सुजलेत. तिनं मधीच माझा हात धरला आन् म्हणली, आई, तू आज तूच हाइस.

काय इचारायचं होतं तिला, ते म्या इचारू दिलं न्हाई.

अप्पाला सांगितलं, शनवार-ऐतवार भरणार न्हाई.

शनिवार, १४ मे

शनवार! तीन आठवड्यांत पहिला शनवार बघितला. पाणी तीन वेळा पिले. नागूला इतकं चिडवलं की ती उशी घिऊन मागं लागली. अव्वा म्हणल्या, झालं, सुटलं हिचं तोंड. मागच्या शनवारची शिवकांता बरी होती.

रजिस्टर खाली पडलंय. दोन घरं उघडी. जेवताना हात सारखा थांबतोय.

सोमवार, १६ मे

भाव भलतीकडंच उघडला. अप्पाचं लई गेलं. ओरडले न्हाईत. मिलच्या पायरीवर बसून राहिले, टकलावर ऊन घेत. मंग वर आले. म्हणले, एकदाच भरून द्या पुढची घरं. मंग परत सांगणार न्हाई. बाळंतपण, बारसं, बाळंतिडा, सगळं माझ्याकडं.

डॉक्टरीणबाईनं अठ्ठावीस तारीख सांगितलीय. मी हिसाब केला. उद्यापासून सव्वीसपर्यंत दहा घरं. सत्तावीसला मी परत हाय, नागूजवळ.

नवरा गेल्यापासून असे कोरे दिवस कितीक गेले. त्यात दहा. काय होतंय.

भ्या वाटायला पाहिजे. वाटंना.

भरून दिली.

शुक्रवार, २७ मे

नागू बाळंत झाली. एकोणीसला. पोरगी झाली.

आठ दिवसांची हाय. म्या आज पहिल्यांदा बघितली.

सगळे सांगतेत, मी होते. दवाखान्यात मीच. लेकरू पहिलं घेतलं ते मीच. न्हाऊ मीच घालती, रोज. जावयाच्या फोनात फोटू हाय. माझं लुगडं, माझं कपाळ, माझ्या हातात लेकरू. डोळे सरळ फोनात. ती बाई हासत न्हाई.

नागू म्हणली, आई, दहा दिवस एक शबुद वावगा बोलली न्हाईस. लई बरं वाटलं. मी म्हणलं, तुझ्या पोरीचं नाक अव्वावर गेलंय. माझा आवाज ऐकला तसं लेकरू दचकलं, लाल झालं, थांबंचना. नागू म्हणली, आई, कालच्यासारखी गप बस ना. तशी धरलीस की लगेच झोपती.

खाली जाऊन रजिस्टर बघितलं. म्या सव्वीसपर्यंतच भरलं होतं. आता अठ्ठावीस भरलंय. एकोणतीस भरलंय. हात माझाच. अप्पाला इचारलं, कोणी भरलं? म्हणले, तुम्हीच की. सांगावंबी लागलं न्हाई, काल आपणहून बसलात.

तीस तारखेला बारसं. बारावा दिवस. तीसच्या घरात दोरा काढलाय. उघडायची रेघ काढलीय. मिटायची न्हाई. अंग रिकामं.

उद्या न्हाई. परवा न्हाई.

तीस पाहिजे. कानात नाव मला सांगायचंय. मला—

सोमवार, ३० मे

हाय. हाय मी.

रजिस्टर वर आणलंय. मांडीशेजारी हाय. तीसची मेणबत्ती अर्धीच. अंग भरलं की झालं. फाडून बघितलं— पान फाटंना असं न्हाई— हातच फाडंना. घडी घालून नीट ठिवतोय.

उजवा हात तिकडं जातोय. इथं लिहीत असले की जात न्हाई. दोनदा बघितलं. पेन उचललं की सरकला. म्हणून लिहून राहिले. काय लिहायचं. शिवकांता. शिवकांता. सातवी पास. अव्वाचे दात पडलेत. अप्पा हासले न्हाईत. शिवकांता.

खाली बाया जमल्यात. पाळणा बांधलाय. घुगऱ्यांचा वास. अव्वा हाका मारून राहिल्या. न्हाई उठत. उठलं की—

पायऱ्यांवर पाय. नागू.

दारात हाय. लेकरू न्हाऊन, टोपडं घालून. म्हणती, आई, सगळे थांबलेत, तू घेतल्याबिगर नाव कसं ठिवायचं? म्हणती, कसं लिहून राहिलीस, वर तरी बघ.

बघितलं. लेकरू बघतंय माझ्याकडं. आज रडत न्हाई. मला बघून रडत न्हाई.

नागू जवळ आली. दोन्ही हातांवर ठिवून पुढं केलंय. घे, म्हणती. मान धर नीट.

एका हातानं घेतलं असतं. मान अजून धरत न्हाई. दोन्ही हात लागतेत नागू, थांब, वाईच थांब, दोन्ही